कॅशची सेटिंग्ज कोडमध्ये की फाइलीत? स्प्रिंग बूट आणि कॅफिनपुरतं माझं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. स्प्रिंग बूटवर, म्हणजे जावाच्या एका फ्रेमवर्कवर, चालणारं एक ॲप्लिकेशन. त्यात कॅफिन या लायब्ररीच्या चार कॅश, म्हणजे पुन्हा-पुन्हा लागणारा डेटा मेमरीत हाताशी ठेवायच्या जागा: गावांची यादी, दरपत्रक, युजरच्या परवानग्या आणि बाहेरच्या एका सेवेचं टोकन. चारही कॅशची सेटिंग्ज यामल फाइलीत दोन ओळींत आहेत. एका ओळीत नावं, दुसरीत 'जास्तीत जास्त ५०० नोंदी, लिहिल्यापासून १० मिनिटं'. नवा आलेला सहकारी म्हणतो, हे सगळं जावाच्या कॉन्फिगरेशन क्लासमध्ये न्या. टीम लीड म्हणतात, फाइलीत असलं की डिप्लॉय न करता, म्हणजे नवी आवृत्ती सर्व्हरवर न चढवता, बदलता येतं, उगाच हात लावू नका. कोणाचं ऐकायचं?

नव्या सहकाऱ्याचं ऐका, पण पूर्ण नाही. कोणत्या कॅश आहेत, प्रत्येकीची मुदत कशावरून ठरते, मर्यादा नोंदींच्या संख्येवर की वजनावर (एकेक नोंद किती मोठी धरायची त्यावर) आणि ती किती, हे सगळं कोडमध्ये. मुदतीचे निव्वळ आकडे, म्हणजे किती मिनिटं, फाइलीत राहू द्या. पण ते कोडने तपासूनच आत घ्यावेत. लीडचं 'डिप्लॉय न करता' अर्धंच खरं आहे. त्याकडे नंतर येतो.

फाइलीवरचा माझा विश्वास कसा उडाला ते आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी एका प्रकल्पात आम्ही रेडिसवर, म्हणजे ॲप्लिकेशनच्या बाहेर चालणाऱ्या डेटास्टोरवर, कॅश ठेवली होती. मुदत १० मिनिटं हवी होती. कोणीतरी प्रॉपर्टीज फाइलीत टाइम-टू-लिव्हसमोर ६०० लिहिलं. कोणीतरी म्हणजे मीच. आधीची बरीच वर्षं ईएचकॅश या दुसऱ्या कॅश लायब्ररीत गेलेली. तिथे एक्सएमएलमधल्या त्या सेटिंगच्या नावातच 'सेकंद' असतं, त्यामुळे ६०० म्हणजे १० मिनिटं हे हाताला बसलेलं. स्प्रिंग बूटमध्ये मात्र त्या जागी ड्युरेशन (एककासह कालावधी) अपेक्षित असतं, आणि एकक न लिहिता नुसता आकडा दिला की तो मिलिसेकंद धरला जातो. आमची कॅश सेकंदभरही टिकत नव्हती.

कुठे काही मोडलं नाही हे सगळ्यात वाईट. उत्तरं बरोबर येत होती, लॉगमध्ये एरर नव्हती, टेस्ट हिरव्या होत्या. नोंद रेडिसमध्ये जात होती आणि पुढची विनंती येईपर्यंत उडत होती. डेटाबेसवरचा भार कमी का होत नाही म्हणून आम्ही इंडेक्स तपासले, कनेक्शन पूल वाढवला, डीबीएशी (डेटाबेस सांभाळणाऱ्याशी) वाद घातला. शेवटी रेडिसच्या कन्सोलवर एका कीची (ज्या नावाने नोंद शोधतात त्याची) उरलेली मुदत विचारली, तर उत्तर आलं: अशी की नाहीच. पुन्हा पेज उघडून लगेच विचारली, तेव्हा कळलं. हेच कोडमध्ये 'ड्युरेशन ऑफ मिनिट्स १०' असं लिहिलं असतं, तर चुकायला जागाच नव्हती. एकक पद्धतीच्या (मेथडच्या) नावातच आहे, आणि चुकीचा प्रकार दिला तर कंपाइलरच पुढे जाऊ देत नाही.

कॅफिनच्या स्पेकची ओळ, म्हणजे तुमच्या यामलमधली मर्यादा आणि मुदतीची ती दुसरी ओळ, याबाबतीत जास्त कडक आहे. तिथे एकक लिहिलं नाही तर ॲप्लिकेशन चालूच होत नाही. म्हणून तुम्ही त्या खड्ड्यात पडला नाहीत. तुमचा खड्डा वेगळा आहे.

स्प्रिंग बूटच्या फाइलीतून कॅफिनला एकच स्पेक देता येतो, आणि तो सगळ्या कॅशना लागू होतो. गावांची यादी वर्षातून एखाद्या वेळी बदलते. परवानग्या काढून घेतल्या, तर त्या लगेच लागू व्हायला हव्यात. टोकनची मुदत समोरची सेवा ठरवते. या सगळ्यांना एकच १० मिनिटं म्हणजे घरात सगळ्यांना एकाच मापाची चप्पल. तुम्ही १० मिनिटं निवडली ती बहुधा परवानग्यांकडे बघून. त्यापायी गावांची यादी दर १० मिनिटांनी उगाच डेटाबेसमधून येतेय.

५०० नोंदींच्या मर्यादेचंही तसंच. असाच एक आकडा आमच्या गावांच्या कॅशला होता. की होती तालुका, व्हॅल्यू त्या तालुक्यातली गावं. महाराष्ट्रात ३६ जिल्हे आणि साडेतीनशेच्या वर तालुके, सगळे आरामात मावत होते. मग त्याच ॲप्लिकेशनमध्ये गुजरात जोडला. तालुके ५००च्या पुढे गेले आणि कॅश नोंदी बाहेर फेकायला लागली. मर्यादेचा तो ५०० कोणी, का ठरवला हे फाइलीत कुठेच नव्हतं. कोडमध्ये असता तर गावांच्या कॅशच्या व्याख्येशेजारी असता, आणि गुजरात जोडणाऱ्याच्या नजरेला निदान पडला असता. फाइलीतल्या आकड्याशेजारी टिप्पणी लिहिता येते, हे खरं. पण ती चारही कॅशची मिळून एक टिप्पणी, म्हणजे कोणाचीच नाही.

आता कोडमध्ये न्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं. एक कॉन्फिगरेशन क्लास करा आणि त्यात कॅश मॅनेजरचं एक बीन (स्प्रिंग सांभाळतं ते ऑब्जेक्ट). मी सिंपल कॅश मॅनेजर वापरतो: कॅफिन बिल्डरने चार कॅश बनवायच्या, प्रत्येकीला नाव द्यायचं, आणि चौघींची यादी त्या मॅनेजरच्या हातात द्यायची. बस. चार कॅशसाठी पंचवीस-तीस ओळी होतात, आणि तुमच्या ॲप्लिकेशनमध्ये काय-काय कॅश होतं याचं उत्तर एका स्क्रीनवर मिळतं.

कॅफिन कॅश मॅनेजर नावाचा तयार क्लास आहे, त्यात स्वतःची कॅश नोंदवायची सोयही आहे, मग तो का नको? कारण तो डीफॉल्टने फार मोकळ्या हाताचा आहे. माहीत नसलेलं नाव मागितलं की तो नवी कॅश जागच्या जागी बनवून देतो. तुम्ही कॅशेबल ॲनोटेशनमध्ये (पद्धतीचं उत्तर कॅशमध्ये ठेवायला सांगणारी खूण) 'दरपत्रक'ऐवजी चुकून 'दरपत्रके' लिहिलंत, तर ते नाव घेऊन एक नवी कॅश जन्माला येते. तुम्ही बिल्डर दिला नसेल तर तिला ना मुदत ना मर्यादा. ती शांतपणे मेमरी खात राहते, आणि जुनाच दर दाखवत राहते. सिंपल कॅश मॅनेजर असेल तर अशा वेळी स्प्रिंग सरळ एक्सेप्शन फेकतं: या नावाची कॅश नाही.

यात एक मेख आहे. हे एक्सेप्शन ॲप्लिकेशन सुरू होताना येत नाही, ती पद्धत पहिल्यांदा चालते तेव्हा येतं. महिन्यातून एकदा चालणाऱ्या रिपोर्टमध्ये चूक असेल, तर ती महिनाअखेरीला भेटेल. म्हणून नावं जागोजागी स्ट्रिंग म्हणून लिहू नका. एका क्लासमध्ये स्टॅटिक फायनल म्हणून ठेवा, आणि कॉन्फिगरेशन व ॲनोटेशन दोन्हीकडे तीच वापरा. ईनम वापरायचा मोह होईल. तो इथे चालत नाही, कारण ॲनोटेशनला कंपाइल होतानाच ठरलेली स्ट्रिंग लागते.

हे केलंत की लगेच दुसरं काम: यामलमधल्या त्या जुन्या दोन ओळी पुसून टाका. तुम्ही स्वतःचं कॅश मॅनेजर बीन दिलं की स्प्रिंग बूट आपलं तयार कॉन्फिगरेशन मागे घेतं, आणि फाइलीतल्या त्या ओळी कोणी वाचतच नाही. तरी फाइलीत त्या रुबाबात उभ्या असतात. सहा महिन्यांनी कोणीतरी तिथला १० बदलून २ करेल, रीस्टार्ट करेल आणि 'काहीच फरक पडत नाही' म्हणून दिवस घालवेल. निम्मं स्थलांतर करून सोडलेली कॅश ही न केलेल्या स्थलांतरापेक्षा वाईट. एका टीमकडे मला हेच निस्तरायला बोलावलं होतं, आणि काम अर्ध्या तासाचं होतं: तीन ओळी डिलीट.

मग आकडे कुठे ठेवायचे? चाचणीच्या सर्व्हरवर मुदत कमी हवी असते, प्रॉडक्शनवर जास्त. तेवढ्यासाठी फाइल योग्यच आहे. पण ती तुमची स्वतःची सेटिंग्ज असू द्या, कॉन्फिगरेशन प्रॉपर्टीज म्हणून एका रेकॉर्डमध्ये बांधलेली. मुदतीचा प्रकार ड्युरेशन, लाँग नाही. आणि त्यावर हायबरनेट व्हॅलिडेटरचं ड्युरेशन-मिन हे बंधन घाला, समजा किमान ५ सेकंद. आता कोणी एकक न लिहिता ६०० लिहिलं, तर ते ६०० मिलिसेकंद होतात, बंधन तुटतं, आणि ॲप्लिकेशन सुरूच होत नाही. माझा तो आठवडा अशा एका ओळीने वाचला असता. क्लासवर व्हॅलिडेटेड ॲनोटेशन लावायला विसरू नका, नाहीतर बंधन नुसतं शोभेला.

नोंदींची संख्या मात्र मी शक्यतो कोडमध्येच ठेवतो. ती सर्व्हर चाचणीचा की प्रॉडक्शनचा यावर क्वचितच अवलंबून असते. डेटाच्या स्वरूपावर असते.

आता ज्या गोष्टी फाइलीत मावतच नाहीत त्या. खरा फायदा इथे आहे.

तुमचं टोकन घ्या. समोरची सेवा टोकनसोबत त्याचं आयुष्य सांगते, आणि ते दर वेळी तेवढंच असेल असं नाही. १० मिनिटांची ठरावीक मुदत लावली, तर कधी मेलेलं टोकन घेऊन तुम्ही दारात उभे राहता, कधी जिवंत टोकन फेकून नवं मागता. कॅफिनमध्ये यासाठी एक्स्पायरी नावाचा इंटरफेस आहे. प्रत्येक नोंद घालताना, बदलताना आणि वाचताना तिची मुदत किती हे तुमचा कोड ठरवतो. घालताना आणि बदलताना टोकनचं आयुष्य वजा एक मिनिट परत करा. वाचताना आधीचीच उरलेली मुदत जशीच्या तशी. या पद्धती मुदत नॅनोसेकंदांत मागतात, म्हणजे एककाचं भूत इथेही आहेच. म्हणून आधी ड्युरेशन बनवा आणि शेवटच्या क्षणी तिचे नॅनोसेकंद करा, हाताने शून्यं मोजत बसू नका. आणखी एक: ही पद्धत आणि लिहिल्यापासूनची ठरावीक मुदत एकाच कॅशवर एकत्र चालत नाहीत. बिल्डर तिथल्या तिथे तक्रार करतो.

दरपत्रकाचं उदाहरण याहून बोलकं. दर रात्री १२ला बदलतात. मुदत १० मिनिटं असेल, तर ११:५५ला कॅशमध्ये आलेला दर १२:०५पर्यंत जुनाच दिसतो. मुदत एक मिनिट केली तर दिवसभर डेटाबेसला त्रास. बरोबर मुदत म्हणजे 'आजची मध्यरात्र होईपर्यंत', आणि ती यामलमध्ये लिहिता येत नाही. एक्स्पायरीमध्ये तीन ओळींत येते. फक्त मध्यरात्र कोणाची, हे स्पष्ट लिहा. सर्व्हर बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतो, आणि आपली मध्यरात्र तिथे संध्याकाळचे ६:३० असते. टाइमझोन म्हणून एशिया/कोलकाता कोडमध्ये ठोकून द्या, सर्व्हरच्या भरवशावर राहू नका. त्यात भर म्हणजे सगळे दर एकाच क्षणी मुदतबाह्य झाले, तर १२च्या ठोक्याला डेटाबेसवर झुंबड उडते. इथे मुदतीत थोडी यादृच्छिक भर घालायची नेहमीची युक्ती चालणार नाही, कारण जुना दर एक सेकंदही दाखवायचा नाहीये. त्याऐवजी कॅशेबलमध्ये सिंक चालू करा, म्हणजे एका कीसाठी एकच धागा (थ्रेड) डेटाबेसकडे जातो आणि बाकीचे थांबतात. गावांच्या यादीला मात्र यादृच्छिक भर खुशाल घाला. तिथे दोन-पाच मिनिटं इकडेतिकडे झाली तर कोणाचं काही बिघडत नाही.

हे सगळं तपासताही येतं. कॅफिनच्या बिल्डरला टिकर देता येतो, म्हणजे कॅशचं घड्याळ. टेस्टमध्ये खोटं घड्याळ द्या, काटा पाच तास पुढे ढकला, आणि नोंद गेली का बघा. थ्रेड-स्लीप लावून वाट बघणाऱ्या टेस्ट लिहायची गरज नाही. मध्यरात्रीच्या हिशोबासाठी मात्र जावाचं क्लॉकही बाहेरून द्यावं लागेल, कारण टिकरला तारीख कळत नाही, त्याला फक्त सरलेला वेळ कळतो. दोन्ही काटे एकत्र पुढे ढकलणारा छोटा क्लास लिहून ठेवा, कायम कामाला येतो.

बिल्डरवर रेकॉर्ड-स्टॅट्सही चालू करा. ते नसेल तर डॅशबोर्डवर हिट (नोंद कॅशमध्ये सापडली) आणि मिस (नाही सापडली) दोन्ही शून्य दिसतात, आणि माणसं त्याचा अर्थ 'कॅश वापरातच नाही' असा लावतात. स्प्रिंग बूट सुरू होताना ज्या कॅश अस्तित्वात असतात, त्यांचीच मोजमापं ते आपणहून नोंदवतं. मोकळ्या हाताच्या मॅनेजरने नंतर बनवलेल्या कॅश त्या आलेखात दिसतच नाहीत. सगळ्या कॅश सुरुवातीलाच जाहीर करायला हे आणखी एक कारण. गुजरातचा तो घोळ आमच्याकडे आलेखावर असता, तर मिसची रेघ चढताना पहिल्याच दिवशी दिसली असती.

आता लीडचा मुद्दा. फाइल जारच्या (बिल्डमधून तयार होणाऱ्या पॅकेजच्या) पोटात असेल, तर ती बदलायला बिल्ड आणि डिप्लॉय दोन्ही लागतात, म्हणजे कोड बदलण्याइतकंच काम. फाइल बाहेर असेल किंवा मूल्य एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून येत असेल, तर बिल्ड वाचतं, पण रीस्टार्ट चुकत नाही, कारण कॅश सुरुवातीलाच बांधली जाते. आणि रीस्टार्ट झालं की मेमरीतली कॅश रिकामी होतेच. म्हणजे 'डिप्लॉय न करता' याचा खरा अर्थ 'बिल्ड न करता' एवढाच. बिल्डला आणि मंजुरीला दोन दिवस लागत असतील, तर हा फायदा लहान नाही, हेही मान्य. पण तो फायदा आकड्यांपुरता आहे, आणि मुदतीचे आकडे आपण फाइलीत ठेवलेच आहेत.

चालू ॲप्लिकेशनमध्ये खरोखर बदलायचं असेल, तर उलट कोडच लागतो. कॅफिनच्या कॅशची पॉलिसी मागता येते, आणि तिच्यातून कमाल नोंदींची मर्यादा किंवा ठरावीक मुदत धावत्या गाडीत बदलता येते. त्याभोवती ॲक्च्युएटरचा, म्हणजे स्प्रिंग बूटच्या देखरेखीच्या सोयीचा, एक एंडपॉइंट (विनंती पाठवायचा पत्ता) लिहिला की झालं. मी तो दोनदा लिहिला आणि दोन्ही वेळा धूळ खात पडला. रात्री दोन वाजता फोन येतो तेव्हा कोणाला मुदत बदलायची नसते, कॅश रिकामी करायची असते, आणि त्यासाठी ॲक्च्युएटरमध्ये कॅशेस हा एंडपॉइंट तयारच मिळतो. डिलीट पाठवली की कॅश साफ. मेमरीतल्या कॅशबाबत एक ध्यानात ठेवा: ही विनंती ज्या पॉडवर (ॲप्लिकेशनच्या चालू प्रतीवर) जाईल तोच साफ होईल, बाकीचे पॉड शिळं वाढतच राहतील. एंडपॉइंट बाहेरच्या जगाला उघडा ठेवू नका, हे वेगळं सांगायला नको.

रेडिस वापरत असाल तर तत्त्व तेच. प्रत्येक नावाला वेगळं कॉन्फिगरेशन कोडमधून देता येतं. मुदत दिली नाही तर नोंद कायमची राहते, त्यामुळे मूळ कॉन्फिगरेशनलाच आधी एक सावध मुदत द्या, आणि अनोळखी नावाची कॅश बनवण्याची सवय बिल्डरवर बंद करा.

कुठे हात लावू नये तेही सांगतो. ईएचकॅश २च्या एक्सएमएलवर चालणारी जुनी प्रणाली असेल, हायबरनेटची (डेटाबेसशी बोलणाऱ्या लायब्ररीची) सेकंड-लेव्हल कॅश तिच्यावर असेल आणि सगळं सुरळीत असेल, तर राहू द्या. स्प्रिंगमध्ये कॅशची ॲनोटेशन्स डिसेंबर २०११मध्ये ३.१ आवृत्तीसोबत आली. त्याआधीच्या काळातल्या अशा बऱ्याच प्रणाली अजून इमाने इतबारे चालतात. फक्त लॉगमध्ये एकदा बघून घ्या की तुमचीच फाइल वाचली जातेय. ती क्लासपाथवर सापडली नाही, तर ईएचकॅश २ स्वतःच्या जारमधली फेलसेफ फाइल उचलतं, एक वॉर्निंग लिहितं आणि पुढे चालू पडतं. तुमचं सॉफ्टवेअर ग्राहकांच्या सर्व्हरवर बसत असेल आणि तिथला ॲडमिन सेटिंग्ज जुळवत असेल, तर त्याच्यासाठीही फाइल हवीच. त्याच्याकडे तुमचा कोड नसतो.

लीडशी बोलण्याआधी एक काम करा. गिटमध्ये त्या यामल फाइलीतल्या कॅशच्या दोन ओळींचा इतिहास काढा. कोडला हात न लावता, बिल्ड न करता तिथला आकडा प्रॉडक्शनवर खरोखर किती वेळा बदलला, ते मोजा. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने बदलत असाल तर डिप्लॉयमेंटचा इतिहासही बघा. तो आकडा घेऊन बसलात तर बैठक पाच मिनिटांत संपेल. हलवायला सुरुवात टोकनच्या कॅशपासून करा, कारण तिथली चूक सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठ्याने ओरडते. परवानग्या सर्वांत शेवटी. तिथे दोन मिनिटांची मुदत ठेवा, आणि परवानगी बदलणाऱ्या पद्धतीवर कॅश-एव्हिक्ट (जुनी नोंद काढून टाकणारं ॲनोटेशन) लावल्याशिवाय ते काम पूर्ण झालं असं धरू नका. एकाहून जास्त पॉड असतील तर एव्हिक्ट एकाच पॉडवर होतो, म्हणून ती दोन मिनिटं.